पत्रकातला दुसरा वाघ

पत्रक कसं लिहायचं ते मला दादानं शिकवलं. पहिल्या ओळीत मागणी, दुसरीत जागा, तिसरीत पुरावा. 'सविनय' लिहायचं नाही, रडायचं नाही, आणि वाचणाऱ्याला शंका येईल असा एकही आकडा टाकायचा नाही. तिरोडीच्या खाणमजुरांच्या चाळीत पाण्याचा नळ नव्हता. त्यावर मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहून नेलं तेव्हा त्यानं माझ्या दोन पानांच्या सहा ओळी केल्या आणि म्हणाला, "आता हे चावेल."

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. बालाघाटात त्याचा फोटो स्टुडिओ होता. पुढे लग्नाची जोडपी आणि परीक्षेच्या फॉर्मचे फोटो, मागच्या खोलीत लोकांच्या मागण्यांची पत्रकं काढणारी आमची समिती. त्याच खोलीत तो फोटो धुवायचा, म्हणून आमच्या सगळ्या कागदांना रसायनाचा वास यायचा. मी मराठीत जेवायचो आणि हिंदीत भांडायचो; मराठीत भांडायला मला त्या खोलीनं लावलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते शत्रूबद्दलचं नाही.

प्रकरण एका वाघिणीचं होतं. वाघ मारायला तेव्हा सरकारी परवाना मिळायचा. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. हिवाळ्यात बाहेरगावचे शिकारी एकेक ब्लॉक घेत, तंबू ठोकत, जनावर उठवून बंदुकीपुढे आणायला गावातली माणसं हाक्याला लावत. किरनापुरच्या पुढे, माझ्या आत्याच्या गावाला लागून एक नाला आहे. ही वाघीण त्या नाल्यावर राहायची. गावाला ती हवी होती, आणि ती काही भक्तीपोटी नाही. तिच्या धाकानं रानडुकरं नाल्याच्या पलीकडे राहत, म्हणून अलीकडचं धान आणि लाखोळीच्या डाळीचं पीक शाबूत राही. वर्षातून एखादं वासरू गेलं तर लोक दोन दिवस शिव्या देत आणि गप्प बसत. तो नाला यंदा शिकारीला उघडणार अशी बातमी आली, तेव्हा आत्याच्या गावानं मला बोलावलं. मी दादाला घेऊन जंगल खात्याच्या मोठ्या साहेबाकडे गेलो आणि अर्ज दिला: हा ब्लॉक बंद ठेवा.

साहेबानं अर्ज उलटासुलटा पाहिला. "वहाँ टायगर है कहाँ? किसने देखा?"

"गाँव ने देखा," मी म्हणालो.

"गाँव तो भूत भी देखता है. सबूत लाइए."

मी भांडणार होतो. दादानं माझा दंड धरून मला बाहेर काढलं. तो हसत होता. "सबूत मागतो ना? अरे यार, माझा धंदाच तो आहे!"

त्यानं स्टुडिओतला एक जुना कॅमेरा घेतला, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, डब्याला भोक पाडलं. शटरच्या कळीशी उंदीर पकडायचा चाप जोडला. चापाला दोरा, दोरा वाटेवर आडवा. जनावराचा पाय दोऱ्याला लागला की चाप सुटणार, कळ दाबली जाणार, बल्ब पेटणार, फोटो निघणार. एका रात्रीत एकच. दव पडून बल्ब फुटू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी. स्टुडिओच्या फरशीवर त्यानं हे मांडलं आणि मला वाघ व्हायला लावलं. मी रांगत गेलो, उजेड झाला, आणि माझा जो फोटो आला त्यावर समिती आठवडाभर हसली.

पण दोरा बांधायचा कुठे, ते सांगणारं गावात एकच माणूस होतं. गावची गुरं चारणारा म्हातारा. मी त्याला मामा म्हणायचो. त्यानं डबा हातात घेतला, भोकातून आत पाहिलं, परत दिला.

"वाट दाखवतो," तो म्हणाला. "पण थ्या वाटेनं बंदूक नाही आली पायजे. बोल."

"नाही येणार, मामा," दादा म्हणाला.

"तू नको बोलू. तू शहरातला हायस. हा बोलंन. हा आमच्या घरचा हाय."

मी बोललो. नाही येणार म्हणालो. आणि मग पत्रकवाल्याच्या सवयीनं विचारलं, "किती आहेत, मामा? जोडी आहे का?"

"थे एकटीच हाय. नर येते, चार दिस राह्यते, जाते. घर थिचं हाय."

त्यानं नाल्याकाठची एक वाट दाखवली. वाटेच्या डाव्या हाताला बेचक्याचं मोहाचं झाड होतं. त्याच्या समोर खडकाच्या खाचेत आम्ही डबा ठेवला. जनावराला दिसू नये म्हणून दादानं काळा दोरा आणला होता. तो बांधून आम्ही आत्याकडे जेवायला गेलो. फार हुशार होतो आम्ही.

सकाळी सरपणाला निघालेल्या बायांनी वाटेवर आडवा काळा दोरा पाहिला, दोऱ्याच्या टोकाला खडकात दडवलेला डबा पाहिला, आणि त्या तिथूनच परत फिरल्या. करणी! दोन दिवस गावातलं कोणी जंगलात गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मामानं मला भर चौकात धरलं.

"वाटेवर काया दोरा बांधते का कोणी? काहून बांधला?"

"मामा, जनावराला दिसू नये म्हणून."

"जनावराले नाही दिसला, बायाइले दिसला! आता चुली कायनं पेटवाच्या? तुह्या पत्रकानं?"

एक बाई मागून म्हणाली, "हौ, पेटवा. थेवढाच उपेग थ्याचा." सगळे हसले आणि प्रकरण मिटलं. मग त्या बायांनीच दोरा दिला. कच्च्या सुताचा, हळदीत बुडवलेला, म्हणजे करणीचा प्रश्नच नाही. वाळल्या गवतात तो हळदीचा दोरा काळ्यापेक्षाही दिसेनासा होई. पद्धत मामानं ठरवली: दिवस बुडताना गावातलं शेवटचं माणूस जंगलातून परतलं की तो दोरा बांधणार, आणि उजाडल्यावर वाटेवर पहिला पाय त्याचा, दोरा सोडायला.

फोटो येऊ लागले. पहिला एका सायाळीचा, काटे फुललेले, तोंडावर सरकारी नोकराला हटकल्यासारखा भाव. मग गावातलंच एक कुत्रं. मग नुसतंच शेपूट, ज्यावर दादा आणि मी तासभर भांडलो आणि जे मामानं एका नजरेत ओळखलं: "पाटलाची बोडी गाय. कालपासून हुडकून राह्यलो थिले." असे बरेच दिवस. आणि मग एकदा अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, ताटलीतल्या रसायनात कागदावर आधी पट्टे आले. मग पोट. मग डोकं, खाली घातलेलं, दोऱ्याचा वास घेत असल्यासारखं. मागे मोहाचं बेचकं. दादानं माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की मी टेबलावर पडलो. दोघंही रडलो असं मी लिहीत नाही, पण तो फोटो वाळेपर्यंत तिथून कोणी हललं नाही.

त्यानंतर मी आठ-दहा दिवस घरी गेलो. मळणीचे दिवस, धान चुरायचं होतं आणि वडिलांनी निरोपावर निरोप पाठवले होते. परत आलो तर दादानं एक दुसरा फोटो माझ्यापुढे ठेवला. वाघाचा पुढचा अर्धा भाग, मोठा करून काढलेला. पहिली वाघीण डाव्या कुशीनं दिसत होती, हा उजव्या कुशीनं. वाघाचे पट्टे दोन कुशींना सारखे नसतात आणि दोन वाघांचेही सारखे नसतात, हे तेव्हा मला ठाऊक होतं. ते दादानंच एका मासिकातून वाचून दाखवलं होतं.

"नर आहे," तो म्हणाला. "जोडी आहे रे!"

मामा तर एकटीच म्हणाला होता. पण नर येतो-जातो असंही म्हणाला होता. मी स्वतःला तेवढ्यावर पटवलं. खरं सांगायचं तर पटवावं लागलंच नाही. मला जोडी हवी होती. त्याच बैठकीत मी पत्रक लिहिलं. पहिली ओळ: नाल्याचा ब्लॉक शिकारीला बंद करा. दुसरी: जागा. तिसरी: या जंगलात वाघाची जोडी राहते, दोघांचे फोटो खाली दिले आहेत. दादानं वाचलं आणि एक शब्दही कापला नाही. असं पहिल्यांदाच घडलं. मला वाटलं, मी तयार झालो. फोटो छापायचे ठसे नागपुरात करून घेतले, पत्रक गोंदियात छापलं, पहिली प्रत साहेबाच्या टेबलावर, बाकीच्या बैहरपासून लांजीपर्यंतच्या बसमध्ये.

आत्याच्या गावात मी स्वतः वाटायला गेलो. मामाला वाचता येत नव्हतं. त्यानं पत्रक उन्हाकडे धरलं आणि दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले.

"हे थेच हाय," तो म्हणाला.

"नाही मामा, हा दुसरा. बघा, ही कूस वेगळी."

"जनावर सोड. झाड पाह्य." त्याचं बोट दुसऱ्या फोटोच्या कडेला होतं. तिथे मोहाच्या बेचक्याचा एक तुकडा आला होता. बेचक्याची जाड फांदी नाल्याच्या बाजूला आहे. फोटोत ती गावाच्या बाजूला होती. "जनावर फिरते. झाड फिरते का?"

मी पत्रक माझ्याकडे ओढून ती फांदी पाहिली.

"आन् दुसऱ्यांदा दोरा कोनं बांधला? तू गेला थ्या दिवसापासून म्या बांधला नाही. तुहा दादा इकडे फिरकलाच नाही. म्या तुले एक सांगतलं होतं, पोरा. तू दोन काहून लेहलं?"

बालाघाटला पोचलो तेव्हा स्टुडिओत एक नवरा-नवरी बसली होती. ती जाईपर्यंत मी उभा राहिलो. मग दोन्ही फोटो काउंटरवर आपटले.

दादानं नाकारलं नाही. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली, कडा कापल्या, मोठी केली, झालं. "एकटी वाघीण म्हटलं की साहेब म्हणेल वाटसरू आहे. आज आहे, उद्या नाही. जोडी म्हटलं की घर झालं. पिल्लं आली. मग त्याला ब्लॉक बंद करावाच लागतो."

"खोटं आहे ते."

"वाघ खोटा आहे का? जंगल खोटं आहे? एका फोटोला तू रडत बसलास."

"शंका येईल असा आकडा टाकायचा नाही, हे कोणी शिकवलं मला?"

"शंका कोणाला आली? एका गुराख्याला."

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तो खाली बसला. चेहरा पुसला. म्हणाला, "बरोबर आहे तुझं. उद्या साहेबाकडे जातो. चूक झाली, एकच आहे, असं सांगतो. तू येऊ नको, तू भांडशील आणि होणारं काम बिघडेल." माझ्यासमोर त्यानं खरा फोटो आणि निगेटिव्ह पाकिटात घातली. तीन दिवसांनी मी विचारलं. "सांगितलं," तो म्हणाला. "साहेब हसले. म्हणाले, एक तर एक."

मी विश्वास ठेवला. मूर्ख होतो म्हणून नाही. ज्या माणसानं मला खोटं ओळखायला शिकवलं तो माझ्याशी खोटं बोलेल, ही जागा तपासायची असते हे त्यानं शिकवलंच नव्हतं.

पंधरवड्यानं आत्याचा निरोप आला: नाल्यावर तंबू लागले आहेत. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं सरळ साहेबाच्या कचेरीत गेलो. त्यानं मला ओळखलं, खुर्चीही दिली.

"नाराज क्यों होते हैं? आपकी बात तो मानी है. पहले रिपोर्ट थी कि वहाँ कुछ नहीं. आपने सबूत दिया, दो हैं. दो हैं तो एक का परमिट बनता है. एक रहेगा. अकेला होता तो मैं ब्लॉक बंद ही रखता."

"एक ही है! दादा ने आपको बताया नहीं? पंद्रह दिन पहले?"

"कौन दादा? पर्चे के बाद तो आज आप ही आए हैं."

मी कागद मागितला, उभ्यानंच अर्ज लिहिला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्ज वाचला, घड्याळ पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला की हाका आज दुपारचाच आहे, तिथे फोन नाही, जीप बैहरला गेली आहे.

मी बसनं गेलो. ती बस दर गावाला थांबते. किरनापुरच्या चहाच्या टपरीपुढे गर्दी दिसली तेव्हा मी खाली उतरलो. शिकाऱ्यांची जीप चहाला थांबली होती. जीपच्या पुढच्या भागावर वाघीण आडवी बांधलेली होती, जीभ बाहेर, पोटाची कातडी खूप पांढरी. डावी कूस वर होती. मी ती महिनाभर रोज पाहिली होती, खांद्यावरच्या दोन जुळलेल्या पट्ट्यांसकट. लोक मिशा उपटायला हात घालत होते, ड्रायव्हर त्यांना हाकलत होता. एकजण दुसऱ्याला सांगत होता, "फिकर नको, अजून एक हाय. पत्रकात लेहलं हाय ना."

मामा मला गावाबाहेर गुरांमागे भेटला. हाक्याला गावातली बारा-पंधरा माणसं नेली होती. तो गेला नव्हता. मी सगळं सांगितलं, दादाचं, साहेबाचं, बसचं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी पत्रकासारखं सांगतोय, दोष कोणाचा ते पहिल्या ओळीत. त्यानं ऐकून घेतलं.

"दादाले म्या वाट नव्हती दाखवली," तो म्हणाला. "तुले दाखवली होती."

एवढंच. मग त्यानं गुरांना आवाज दिला आणि वळला. मी मागे गेलो नाही.

स्टुडिओत दादा कागदावर काही लिहीत होता. मी आत आल्यावर त्यानं डोकं वर केलं नाही.

"का नाही गेलात?" मी विचारलं.

"जाऊन काय सांगू? मी खोटारडा आहे? समिती त्या दिवशीच संपली असती. मला वाटलं, परवाना निघायच्या आत काहीतरी होईल."

"मला सांगितलं म्हणालात. साहेब हसले म्हणालात."

"तू झोपत नव्हतास. तुला झोप यावी म्हणून म्हणालो." आणि मग, देवाशपथ, त्यानं तो कागद माझ्याकडे सरकवला. "हे जरा बघ. तुझा हात चांगला आहे."

नव्या पत्रकाचा मसुदा होता. जोडीतला एक मारला, उरलेल्याला वाचवा.

मी तो फाडला नाही. फाडायला हवा होता. नुसता खाली ठेवला आणि बाहेर आलो. त्या खोलीत नंतर पाय ठेवला नाही. पण पत्रक निघालं, आणि खाली नेहमीप्रमाणे निवेदक म्हणून माझंच नाव होतं. ते आधीच्या कोणत्याही पत्रकापेक्षा जास्त चाललं. लोकांना उरलेल्या एकट्या वाघाची दया आली. नागपूरच्या लोकांनी तारा केल्या. बस स्टँडवर अनोळखी माणसं माझा हात हातात घ्यायची. मी प्रत्येकाला सांगायचो, दुसरा नाहीच, कधी नव्हताच. ती हसून म्हणायची, "श्रेय नको म्हणून असं बोलता. काय विनय आहे!" समितीतले म्हणू लागले की शिकारीवाल्यांनी मला विकत घेतलं. फितूर. हा शब्द दादानं वापरला की नाही ते माहीत नाही. त्यानं खोडला नाही एवढं माहीत आहे.

आणि ब्लॉक बंद झाला. नसलेल्या वाघासाठी.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी साहेबानं मला बोलावलं. माझा तो उभ्यानं लिहिलेला अर्ज फाइलमध्ये सापडला होता. एकाच माणसाच्या नावानं दोन कागद, एकात एक वाघ, दुसऱ्यात दोन. वरून विचारणा आली होती.

"लिखकर दीजिए, कौन सा सही है," साहेब म्हणाला. "दूसरा है तो ब्लॉक बंद रहेगा. नहीं है तो खुलेगा. चीतल, सांभर, भालू, सबका परमिट बनेगा. सोच लीजिए."

विचार काय करायचा? दादानं मला अशा जागी आणून उभं केलं होतं की खरं लिहिलं तर बंदूक पुन्हा त्या वाटेनं येणार, आणि ती माझ्याच सहीनं. खोटं लिहिलं तर नाला वाचतो, आणि मी आयुष्यभर त्याच्या अंधाऱ्या खोलीत राहतो. या दोन्हीतलं एकही पाप माझं नव्हतं. निवड मात्र माझी होती. त्याला हे कळत होतं का? मला अजून वाटतं, कळत होतं.

मी लिहिलं. नाल्यावर एकच वाघीण होती. ती परवान्यावर मारली गेली. पत्रकातला दुसरा फोटो पहिल्याच निगेटिव्हचा आहे, तो आम्ही तयार केला.

'आम्ही' लिहून मी थांबलो. दादाचं नाव लिहायला कागदावर भरपूर जागा होती. साहेब वाट पाहत होता. मी लिहिलं नाही. ते औदार्य नव्हतं. त्यानं शिकवलेला हात होता तो, आणि तो हात त्याचं नाव लिहीना. त्या हाताचा मला आजही दादाइतकाच संताप येतो.

सही केली. साहेबानं कागद फिरवून घेतला, वाचला, शिक्का उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"पिता का नाम रह गया," तो म्हणाला.

तेही लिहिलं.